खंदकातला शिपाई आणि त्याचं नाव

(विहाराच्या वर्धापन दिन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



विहाराच्या वर्धापन दिनाला युद्धाचा विषय कशासाठी, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय लढायला निघाले, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने त्या युद्धाला विरोध केला, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलं आहे. युद्धाला विरोध करायचा, तर युद्धात साध्या माणसाचं काय होतं हे आपल्याला ठाऊक पाहिजे. सेनापतींची चरित्रं पुष्कळ आहेत. मी आज शिपायाबद्दल बोलणार आहे.

पहिलं महायुद्ध १९१४ ला सुरू झालं. त्या वेळी हिंदी पायदळाच्या शिपायाला महिन्याला अकरा रुपये पगार होता. आपल्या महाराष्ट्राच्या मराठा पलटणी इंग्रजांनी आजच्या इराकमध्ये, तुर्कांविरुद्ध पाठवल्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कुत नावाच्या गावात जनरल टाउनशेंडची फौज अडकली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. तुर्कांनी गावाला वेढा घातला आणि तो जवळजवळ पाच महिने चालला.

नदीच्या वळणाने तीन बाजूंना पाणी होतं, चौथी बाजू मोकळी. तिथे शिपायांनी खंदक खणले. खंदक म्हणजे काय, तर माणूस उभा राहील एवढा खोल चर, पुढे मातीचा बांध, त्यावर पोती. डोकं वर काढलं की गोळी येणार. म्हणून दिवसा वाकून राहायचं आणि रात्री खणायचं. जेवण तिथे, झोप तिथे. शेजारचा मेला तर अंधार पडेपर्यंत तोही तिथेच. २४ डिसेंबरला तुर्कांनी तटाचा कच्चा किल्ला तोफांनी फोडून हल्ला केला. १०३ व्या पलटणीचे शिपाई त्या भगदाडापाशी हातबॉम्ब आणि संगिनी घेऊन लढले आणि किल्ला राखला.

जानेवारीत पाऊस आणि नदीचा पूर आला. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढणाऱ्या वऱ्हाडी माणसाला चिखल काय असतो हे सांगायला नको. पण आपण संध्याकाळी घरी येतो, पाय धुतो. खंदकातल्या माणसाला घर नव्हतं. पाणी इतकं भरलं, की दोन्ही बाजूंना पुढचे खंदक सोडून मागे हटावं लागलं.

मग भूक आली. घोडे, खेचरं मारून मांस वाटलं जाऊ लागलं. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या भीतीने ते खाल्लं नाही. 'खा, चालेल' अशा धर्मगुरूंच्या तारा हिंदुस्थानातून मागवल्या, तरी मन धजत नव्हतं. ताजा भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजू लागल्या, जखमा भरेनात. शेवटी पिठाचा शिधा माणशी दोन-तीन छटाकांवर आला. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, तीही पुरली नाहीत. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे वीस हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यात हजारो मेले. टाउनशेंड साहेब मात्र कैदेत असूनही इस्तंबूलजवळ बंगल्यात आरामात राहिले.

बंधू-भगिनींनो, या लढाऊ पलटणींमध्ये महार शिपाई नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती'चं सोंग काढून सरकारने महारांची भरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, ते पडून राहिले. खंदकांनी माणसं गिळली, माणूस कमी पडू लागला, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडलीसुद्धा. गरज असली की लढाऊ, गरज सरली की पुन्हा अस्पृश्य! बाबासाहेबांनी पाठपुरावा केला म्हणून १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि ती आजही देशाच्या सेवेत आहे.

आता मुद्द्यावर येतो. बसरा येथे त्या युद्धातल्या मृतांचं मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांची ती आठवण आहे. गोऱ्या शिपायांची नावं तिथे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणीखाली नुसती संख्या! कुतचा मराठा शिपाई त्याच संख्येत आहे. ज्याला आपल्याकडे उच्च म्हणत होते, तोही साहेबाच्या वहीत आकडाच ठरला. आपल्या खेड्यापाड्यांतही त्या काळचे दगड बसवलेले दिसतात: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके मेले. नाव एकाचंही नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच कबूल केलं, की किमान एक लाख सोळा हजार मृतांची, त्यांत मुख्यतः आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावाने नोंदच झाली नाही, आणि काहींचं तर स्मारकच नाही. त्यांनी माफी मागितली, पण शंभर वर्षांनी.

नावाने काय होतं, असं विचाराल तर कोरेगावचा स्तंभ बघा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत, आणि शेवटी 'नाक' असलेली ती नावं वाचून आपले आजोबा कोण होते हे आपल्याला कळलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले. नुसता आकडा असता तर कोण गेलं असतं?

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आपल्या जिल्ह्यातले दोन जवान गेले, लोणार तालुक्यातले नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. दुसऱ्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातल्या लहान पोराच्या तोंडी ती नावं होती. असंच व्हायला पाहिजे.

म्हणून या विहारात एक वही ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या गावातून, मग ते कोणत्याही जातीचे असोत, जे जे पलटणीत गेले, त्यांचं नाव, पलटण, गेल्याचं साल, परत आले की नाही, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. ट्रंकेत पेन्शनचे कागद असतील, पदकं असतील. ती मोडीत जाण्याआधी बघा. बायांनाही विचारा, कारण वाट त्यांनी पाहिली आहे. ही वही युद्धाच्या गौरवासाठी नाही. युद्ध म्हणजे आकडे नसून माणसं असतात, हे पोरांना कळावं यासाठी आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!