समुद्रकांठचें बिऱ्हाड



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या भागांतील सुशिक्षित घरांतून सुटीच्या सुमारास एक प्रश्न निघतो. समुद्रावर जावयाचें हें ठरलेलें असतें. परंतु कर्त्या मुलाला गोल्फ खेळावयाचा असतो, सुनेला विसांवा हवा असतो, नातवंडांना वाळू हवी असते, आणि आजीला जिने चढवत नाहींत. बिऱ्हाड मात्र एकच, आणि तेंही मध्यम खर्चाचें. तें कोणाच्या सोयीनें निवडावें?

गोल्फ हा मूळचा समुद्रकांठचाच खेळ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील नापीक, वाळूच्या गवताळ जमिनीवर तो वाढला. सेंट अँड्र्यूज येथें १७६४ मध्यें १८ खळग्यांची फेरी ठरली व तीच पुढें जगभर रूढ झाली. गोट्यांच्या गलीची आठवण व्हावी असे हे खळगे. पण सर्वांची फेरी पुरी होण्यास सुमारें ४ तास लागतात. तेवढा वेळ बाकीच्या माणसांनीं काय करावें, याचा विचार आधीं व्हावयास हवा.

गोव्याच्या दक्षिण टोंकाचा काणकोण तालुका उदाहरणादाखल घ्या. तेथें राजबागच्या किनाऱ्यालगत एका बड्या हॉटेलाचें ९ खळग्यांचें मैदान आहे. सर्वांनींच त्या हॉटेलांत उतरावें असा मोह होतो. पण मग एकाच्या खेळाची किंमत सर्वांच्या खोलीभाड्यांत, आणि तीही रोज, मोजावी लागते. त्यापेक्षां जवळच पाळोळें येथें साधें बिऱ्हाड करावें, आणि बाहेरच्यास मैदानावर खेळूं देतात काय व शुल्क किती, हें आधीं विचारून ठेवावें. पाळोळ्याचा किनारा अर्धचंद्राकृति असून पाणी पुष्कळसें शांत असतें. पर्तगाळीचा मठही त्याच तालुक्यांत आहे. कोंकण रेल्वेची गाडी आपणांस ठाण्यास धरतां येते. मडगांवीं उतरल्यावर पुढें सुमारें ३५ ते ४० किलोमीटरांचा रस्ता राहतो.

बिऱ्हाड ठरवितांना तळमजल्याची खोली मिळेल काय, मुलांना रुचेल असें साधें जेवण मिळेल काय, आणि किनारा पायीं किती दूर, हें विचारावें. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. तांबड्या-पिवळ्या झेंड्यांमधील जागेंतच मुलांना पाण्यांत सोडावें; नुसता तांबडा झेंडा दिसल्यास पाऊलही टाकूं देऊं नये. पावसाळ्यांत तर समुद्र खवळलेला असतो, आणि किनाऱ्यावरील हंगामी लांकडी खोल्याही त्या दिवसांत काढून ठेवतात.

आतां मूळ प्रश्न. घरांतील ज्या माणसाला ‘मला कोठेंही चालेल’ असें म्हणण्याची संवय आहे, त्याच्या सोयीनें बिऱ्हाड निवडावें. बहुधा ती आजीच असते. तिला जिना नको, तिला सांवली हवी, एवढें संभाळलें कीं लहान मुलांचीही सोय आपोआप होते. खेळणाऱ्यानें एखादी सकाळ खुशाल मैदानावर घालवावी. दुपारच्या पंगतीला मात्र वेळेवर हजर असावें.