मुक्या रुग्णाचा डॉक्टर

१९९६ सालची गोष्ट. कोकणातल्या आमच्या गावी घरचा म्हातारा बैल गोठ्यात बसला, तो उठेना. सांधे सुजलेले, डोळ्यांतून पाणी. अब्बांनी मला तालुक्याला पिटाळले. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. इंजेक्शन देऊन म्हणाले, "चाचा, वय झालंय त्याचं. पण आता दुखणार नाही." बाटलीवरचे नाव मी वाचले : डायक्लोफिनॅक. संध्याकाळी बैल उभा राहिला, चार काड्या पेंढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी गेला. त्याला सड्यावर नेऊन टाकले. गिधाडे उतरली. अब्बा म्हणाले, "बिचारा मेल्यावरही कुणाच्या पोटाला लागला."

डॉक्टरांनी केले ते भूतदयेचेच काम होते. पण २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले, की हे औषध दिल्यावर लगेच दगावलेल्या गुराचे मांस खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांतून एखादेच उरावे इतकी घटली. आमच्या सड्यावर आता मेलेल्या गुराभोवती कुत्री जमतात. अब्बांचे ते वाक्य मला अजून सलते.

तेव्हा कुणाला माहीत नव्हते. म्हणून त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जबाबदारी सुरू होते ती कळल्यानंतर. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन एकाच मात्रेच्या लहान कुपीत विकण्याचे बंधन आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही औषधेही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे वेदनाशामक हाताशी आहे. म्हणजे बैलाची वेदना की गिधाडाचा जीव, हा पेच आता उरलेला नाही.

उरला आहे तो विवेकाचा प्रश्न. माणसांच्या डॉक्टरला रुग्णच सांगतो, कुठे दुखते ते. गुरांच्या डॉक्टरचा रुग्ण मुका. बोलतो मालक, पैसे देतो तोही मालक. त्याला घाई असते, स्वस्त औषध हवे असते. अशा वेळी "हे नाही, दुसरं देतो" असे ठामपणे म्हणणे आणि जनावर दगावलेच, तर "याला पुरा, उघड्यावर टाकू नका" असे बजावणे, हे डॉक्टरचे कर्तव्य. पशुवैद्यांसाठी १९९२ पासून लिखित आचारसंहिता आहे. पण कंदिलाच्या उजेडात, गोठ्यात, ती उघडून कोण पाहणार? तिथे डॉक्टरचे मन हीच आचारसंहिता.

आणि आपलेही एक काम आहे. पुढच्या खेपेला गोठ्यात डॉक्टर आले, की एवढेच विचारू या : "डॉक्टरसाहेब, या औषधानं आणखी कुणाचा जीव तर जाणार नाही ना?" अब्बा असते, तर त्यांनी हे नक्की विचारले असते.