सहा नावं, एक नंबर: ऑस्ट्रेलियातून मुंबईला आलेलं जहाज

(ताज्या भागाची लिखित संहिता. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

अंबाजोगाईहून बोलतोय. गच्चीवर बसलोय, त्यामुळं मध्येच कुत्रं भुंकलं किंवा एखादा ट्रॅक्टर फुल्ल आवाजात गाणी लावून गेला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलंय. विषय आहे क्रूझ जहाजं. त्यातही जुनी क्रूझ जहाजं, जी मोठ्या कंपन्या ऑस्ट्रेलियाला पाठवतात.

आता बीडच्या माणसाचा आणि समुद्राचा काय संबंध? आपल्याकडं भरपूर पाणी बघायचं म्हणजे माजलगावचं धरण, तेही चांगला पाऊस झाला तर. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तेव्हा अर्धा जिल्हा स्टेशनवर सेल्फी काढायला गेला होता. पण त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, मुंबईत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. ती बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली? मी वाचली. कारण सांगतो.

मामाचं पोरगं आणि 'ब्रँड न्यू' जहाज

माझा मामेभाऊ. संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट केलेलं. तीन-चार वर्षांपूर्वी त्याला एका एजंटाचा फोन आला. क्रूझवर नोकरी, पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं फुकट, ऑस्ट्रेलिया रूट, जहाज एकदम ब्रँड न्यू. फक्त 'प्रोसेसिंग'चे १ लाख २० हजार भरायचे.

मामानं मला फोन केला तेव्हा ३० हजार देऊन झाले होते. मामा म्हणाला, "बाळा, तू कंप्युटरवाला हायस, तेवढं जहाजाचं बघ बरं खरं हाय का."

मी बघितलं. जहाजाचं नाव गूगलवर कुठंच नाही. एजंटाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, जहाजाचं नाव बदललंय. नवीन नाव अजून नेटवर आलेलं नाही."

आता गंमत बघा. हे उत्तर खोटं वाटतं, पण जहाजांच्या बाबतीत असं खरंच घडतं. म्हणून मला नक्की काही ठरवता येईना. मग रात्री बसून वाचायला लागलो आणि वाचता वाचता एका जहाजाची गोष्ट सापडली. ती आज सांगायचीय.

एका जहाजाची सहा आयुष्यं

१९९० साली इटलीत मोनफाल्कोने इथल्या गोदीत एक जहाज बांधून झालं. नाव 'क्राउन प्रिन्सेस'. लांबी साधारण २४५ मीटर. त्याचा बाहेरचा आकार रेंझो पियानो या जगप्रसिद्ध वास्तुविशारदानं डॉल्फिन मासा डोळ्यांसमोर ठेवून केला होता. म्हणजे आपल्या भाषेत, शोरूममधून निघालेली टॉप मॉडेल गाडी.

बारा वर्षांनी, २००२ मध्ये ते जर्मन प्रवाशांसाठी गेलं, नाव 'अरोझा ब्लू'. २००४ मध्ये 'आयडा ब्लू'. २००७ मध्ये इंग्लंडच्या प्रवाशांसाठी 'ओशन व्हिलेज टू'. आणि २००९ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात, पी अँड ओ ऑस्ट्रेलियाचं 'पॅसिफिक ज्युएल'. तोपर्यंत जहाज एकोणीस वर्षांचं झालं होतं, आणि तिथं ते पुढं जवळजवळ दहा वर्षं चाललं.

हे एकट्या या जहाजाचं नाही. याचं जुळं भावंड 'रीगल प्रिन्सेस' २००७ मध्ये 'पॅसिफिक डॉन' होऊन ऑस्ट्रेलियात गेलं. १९९३ ची 'स्टॅटेंडॅम' आणि तिच्याच पिढीतली 'रिंडॅम' २०१५ मध्ये 'पॅसिफिक ईडन' आणि 'पॅसिफिक आरिया' झाली. 'डॉन प्रिन्सेस' झाली 'पॅसिफिक एक्सप्लोरर'. पॅटर्न लक्षात येतोय ना?

आपल्याला हा पॅटर्न नवा नाही. मुंबई-पुण्याला पळून पळून दमलेली गाडी मग आपल्या आगाराला येते, ही आपली जुनीच तक्रार आहे. सीटचा फोम गेलेला, खिडकी खडखडतीय, पण बोर्डावर 'बीड' लिहिलं की आपली.

ऑस्ट्रेलियालाच का?

ऑस्ट्रेलिया काही गरीब देश नाही. २०१५ च्या सुमाराला तिथले वर्षाला १० लाखांहून जास्त लोक क्रूझवर जात होते. मग तिथं जुनी जहाजं का?

पहिलं कारण, हिशोब. नवीन जहाज बांधायला हजारो कोटी लागतात. ते कर्ज फेडायचं तर जहाज जिथं सगळ्यात जास्त प्रवासी आणि सगळ्यात जास्त भाडं आहे, तिथंच लावावं लागतं, म्हणजे अमेरिकेजवळ, कॅरिबियनमध्ये. वीस वर्षांच्या जहाजावर कर्जाचं ओझं कमी असतं. ते लहान बाजारातही परवडतं.

दुसरं, अंतर आणि खर्च. ऑस्ट्रेलिया सगळ्यांपासून लांब, लोकसंख्या कमी, चालवण्याचा आणि नियम पाळण्याचा खर्च जास्त. याच कारणांवर बोट ठेवून मूळ मालक कार्निव्हल कंपनीनं मार्च २०२५ मध्ये पी अँड ओ ऑस्ट्रेलिया हा ब्रँडच बंद केला. १९३२ पासून सिडनीहून सहली काढणारं नाव संपलं. दोन जहाजं कार्निव्हलच्या नावाखाली गेली. 'पॅसिफिक एक्सप्लोरर' आशियात जाऊन 'स्टार व्हॉयेजर' झालं.

तिसरं, बंदर. सिडनीत हार्बर ब्रिजखालून जाता येईल एवढीच उंची असलेली जहाजं आतल्या धक्क्याला जाऊ शकतात. आजकालची अजस्र जहाजं तिथून जात नाहीत. पुलाच्या अलीकडं जो धक्का आहे, तिथं गर्दी. मध्यम आकाराच्या जुन्या जहाजाला दोन्ही दारं उघडी.

म्हणजे 'जुनं ते फेकायचं म्हणून तिकडं पाठवलं' एवढं सोपं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला लेगसी सिस्टीम म्हणतो, तेच हे. बँकेत तीस वर्षांपूर्वीचा कोड अजून चालतोय, कारण त्याच्यामागं रोज लक्ष ठेवणारी माणसं आहेत. माणसं काढून घ्या, मग बघा.

आणि मग मुंबई

२०१९ मध्ये 'पॅसिफिक ज्युएल' ऑस्ट्रेलियातून निघालं आणि आपल्याकडं आलं. जलेश क्रूझेस या नव्या भारतीय कंपनीनं ते घेतलं, नाव ठेवलं 'कर्णिका', आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा जहाजाचं वय एकोणतीस. म्हणजे आज मी आहे त्याहून मोठं.

वर्षभरात कोरोना आला. जगभरातली सगळी क्रूझ जहाजं थांबली. मोठ्या कंपन्यांकडं पन्नास-शंभर जहाजं होती. त्यांनी काही विकली, काही भंगारात काढली, कर्ज उचललं आणि कशाबशा तगल्या. जलेशकडं एकच जहाज होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये 'कर्णिका' गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. अलंग म्हणजे जहाजं तोडायची जागा. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर आणतात, पाणी ओसरलं की ते तिथंच बसतं, आणि मग गॅस कटरनं तुकडे. रेंझो पियानोचा डॉल्फिन तिथं सळईचं भंगार झाला.

आता जुळ्या भावाचं ऐका. 'पॅसिफिक डॉन' पण २०२० मध्येच विकलं गेलं. ते घेतलं बिटकॉइनवाल्यांनी! नाव ठेवलं 'सातोशी', आणि पनामाजवळ त्याचं तरंगतं गाव करायचं ठरलं. विमा मिळाला नाही, बेत फसला. मग २०२१ मध्ये ते इंग्लंडमधल्या एका कंपनीनं घेतलं, नाव 'अँबियन्स', आणि दुरुस्त होऊन लंडनजवळच्या टिलबरीहून पुन्हा प्रवासी न्यायला लागलं.

एकच गोदी, एकच नकाशा, जवळजवळ एकच वय. एक अलंगला, दुसरं पाण्यात. फरक वयाचा नव्हता. जहाजामागं कोण उभं आहे आणि त्याला किती दम आहे, याचा होता. मला आजच्या भागात सांगायचंय ते एवढंच.

आणि ही गोष्ट संपलेली नाही. २०२१ पासून मुंबईहून जाणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' पण १९९० चीच, फ्रान्समध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधलेली. त्याच कंपनीनं पुढची दोन जहाजं भाड्यानं घ्यायचं जाहीर केलंय. 'नॉर्वेजियन स्काय' १९९९ चं, 'नॉर्वेजियन सन' २००१ चं. म्हणजे आता जुन्या जहाजांच्या रांगेत ऑस्ट्रेलियाशेजारी आपण पण उभे आहोत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त डोळे उघडे ठेवायचे.

सात आकडे

मामाच्या पोराकडं परत येऊ. नाव बदलतं, रंग बदलतो, झेंडा बदलतो, मालक बदलतो. मग जहाज ओळखायचं कशावरून? आयएमओ नंबरवरून. सात आकडी नंबर. गाडीची नंबरप्लेट बदलली तरी चॅसिस नंबर तोच राहतो ना, तसं. डेटाबेसवाल्या मित्रांनो, प्रायमरी की!

'क्राउन प्रिन्सेस'पासून 'कर्णिका'पर्यंत सहा नावं, नंबर एकच: ८५२१२२०. आणि या नंबरात एक कुलूप आहे. पहिल्या सहा आकड्यांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं आणि बेरीज करायची. करून बघू. ८ साते ५६. ५ सख ३०. २ पाचे १०. १ चोक ४. २ त्रिक ६. २ दुणे ४. बेरीज ११०. शेवटचा आकडा शून्य. नंबराचा शेवटचा आकडा पण शून्य. जुळलं!

मी एजंटाला म्हणालो, नाव राहू द्या, आयएमओ नंबर द्या. दोन दिवस टाळाटाळ. मग एक सात आकडी नंबर पाठवला. मी जेवताना पेपरच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. शेवटचा आकडा जुळला नाही. पुन्हा केला. नाही जुळला. असला नंबर कुठल्या जहाजाचा असूच शकत नव्हता.

उरलेले ९० हजार वाचले. ३० हजार गेले ते गेलेच, फोन बंद. मामा त्या दिवशी जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, "आपला मुकादम कसाबी असंल, पण आधी उचल देतो अन् मग कोयता धरायला लावतो. ह्यानं तर आधी आपलीच उचल घेतली."

म्हणून, क्रूझवर नोकरीला जायचा विचार असेल तर चार गोष्टी लिहून घ्या.

एक, भरती करणाऱ्या कंपनीकडं आरपीएसएल परवाना पाहिजे. तो मुंबईतलं नौवहन महासंचालनालय देतं, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर मिळते. कार्डावर छापलेला नंबर खरा धरू नका, यादीत शोधा.

दोन, नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं नियमात बसत नाही. खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराप्रमाणं पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. भारतानं हा करार २०१५ मध्ये स्वीकारलाय.

तीन, आयएमओ नंबर मागा. गुणाकार करा, मग इक्वासिस नावाच्या मोफत साइटवर टाका. बांधल्याचं वर्ष, मालक, आधीची नावं, तपासणीत जहाज कुठं अडवलं होतं का, सगळं दिसतं.

चार, मालकानं वाऱ्यावर सोडलं तर काय, हे आधी विचारा. २०१७ पासून जहाजावर आर्थिक हमीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं. त्यात घरी परत यायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार येतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मामेभावानं नाद सोडला नाही. पुण्यात एका हॉटेलात काम करत सीडीसी काढली, कोर्सेस केले. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही, नुसते सात आकडे. मी गुणाकार केला, जुळला. इक्वासिसवर टाकलं. जहाज वीस वर्षांच्या वरचं, तिसरं नाव चालू. पण कंपनी जुनी, पुष्कळ जहाजं असलेली, तपासण्या स्वच्छ, भरतीवाला यादीत.

त्यानं विचारलं, "दादा, जहाज जुनंय. जाऊ का?"

मी म्हणालो, "जा. पण पोचल्यावर ते हमीचं प्रमाणपत्र कुठं लावलंय ते आधी बघ, अन् फोटो काढून मामाला पाठव."

परवा फोटो आला. मामानं मला फॉरवर्ड केलाय, खाली लिहिलंय: "हे काय हाय ते सांग."

आता जाऊन त्याला समजावून सांगतो. तुमच्या गावात कुणाला असा फोन आला असेल तर हा भाग त्याला पाठवा. पैसे भरायच्या आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.