टापांचा आवाज

नभोनाट्यात घोडा आणायला नारळाच्या दोन करवंट्या पुरतात. टपटप, टपटप केलं की ऐकणाऱ्याच्या मनात स्वार दौडू लागतो. खऱ्या घोड्याला मात्र हा आवाज पायात झेलावा लागतो.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहिलं की शिवाजी महाराजांच्या घोडदळाच्या टापा आठवतात. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर छापा पडला. तिकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना शिरपेच चढवला, असं जव्हारकर सांगतात. ती घोडी माती-मुरुमाची वाट तुडवत गेली. आज जव्हारहून मोखाड्याकडे जाताना खाली डांबर लागतं.

खूर वरून दगडासारखा दिसतो, पण टेकताना टाचेकडे किंचित फाकतो. तळाशी रबरासारखी तिकोनी गादी असते. बाहेरचं कवच आणि आतलं हाड यांना असंख्य बारीक पदर जोडतात. जमिनीवर आपटल्याचा बराचसा हादरा या पदरांतच विरतो. लोखंडी नाल दबत नाही. कठीण रस्त्यावर आदळली की धक्का क्षणात येतो आणि कवच सेकंदाला शेकडो वेळा थरथरतं. वरच्या हाडांपर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. भार पडतो तो खुरावर.

मग नाल ठोकायचीच कशाला? खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो आणि खडकाळ वाटेवर त्याहून वेगाने झिजतो. शिलेदाराला घोड्यासाठी आगाऊ मिळणाऱ्या रकमेलाच मराठेशाहीत ‘नालबंदी’ म्हणत; यावरून ओळखा नालेचं महत्त्व! जाणता नालबंद खिळे पुढच्या भागात मारतो आणि टाच मोकळी सोडतो, म्हणजे तिला फाकता येतं. नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याची किंवा रबराची चकती घातली, तर थरथर आणखी कमी होते.

टेकताना खूर जरासा घसरतो, आणि त्या घसरण्यातही धक्का जिरतो. पण हे घसरणं जरासंच हवं. माथेरानच्या तांबड्या मातीत हे जमून जायचं. तिथे पेव्हर ब्लॉक आले, तेव्हा घोडी घसरतात म्हणून घोडेवाल्यांनीच तक्रार केली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे लग्नसराईत नवरदेवाचा घोडा बॅन्डच्या तालावर डांबरावर तासभर नाचवतात. त्याच्या टापा त्या गोंगाटात कुणालाच ऐकू येत नाहीत.