संगणकाची आठवण पुसतांना

संगणकाची कळ दाबतांच आंतले पंखे फिरूं लागतात, पुढचा बारीक दिवाहि लागतो. पडदा मात्र काळाच राहतो. आदल्या रात्रीं घरांतल्या एखाद्या हौशी मुलानें मेमरीचा वेग वाढवून पाहिलेला असतो आणि तो त्या यंत्राला झेपलेला नसतो. सकाळीं वडील हिशेबाला बसतात तों पत्रें, फोटो, जमाखर्च सगळें आंत आणि दार बंद! यंत्र गेलें असें समजून तें दुकानांत पोंचविण्याची घाई होते. पुष्कळ वेळां तें धडधाकट असतें. न झेपणारा हुकूम तेवढा त्याच्या लक्षांत घट्ट बसलेला असतो.

हा हुकूम राहतो कोठें? कळ दाबल्यावर सर्वांआधीं जागी होते ती बायॉस नांवाची आज्ञावली. १९८१ सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसींत यंत्राची मांडणी बोर्डावरच्या बारीक खटक्यांनीं ठरवावी लागे. १९८४ च्या एटी यंत्रांत मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप आली. तिच्यांत ६४ बाइटांची जागा होती. १४ घड्याळाकडे गेल्या, उरलेल्या ५० यंत्राची मांडणी लक्षांत ठेवण्याच्या कामीं आल्या. वीज नसतांना ही सीमॉस स्मृति बॅटरीवर जगे. आजच्या बोर्डावरची नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी त्याच घराण्यांतली. नव्या यंत्रांत कित्येक हुकूम फ्लॅश चिपमध्यें असतात. म्हणून नुसती बॅटरी काढून भागेलच असें नाहीं.

यासाठींच जंपर असतो. बोर्डावर तीन बारीक पिना ओळीनें उभ्या असतात आणि त्यांतल्या दोहोंवर प्लॅस्टिकची इवलीशी टोपी बसविलेली असते. टोपींत धातूचा तुकडा असल्यामुळें ती ज्या पिनांवर बसेल त्या जोडल्या जातात. बहुधा १–२ ही रोजची जागा आणि २–३ ही आठवण पुसण्याची. कांहीं बोर्डांवर दोनच पिना असतात, तर कांहींच्या पाठीमागें सरळ बटणच असतें. तेव्हां आधीं पुस्तिका पाहावी. ती हरवली असल्यास श्रोत्यांनीं कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमकी आपल्याच बोर्डाची घ्यावी. अंदाजानें भलत्याच पिना जोडल्या तर चांगलें बोर्ड कायमचें निकामी होऊं शकतें.

यंत्र बंद करून तार भिंतींतून काढावी. नुसती कळ बंद करणें पुरत नाहीं, कारण तार लागलेली असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा राखीव प्रवाह खेळत असतो. मग सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीजहि घालवावी. थंडीच्या कोरड्या दिवसांत, अंगांत लोकरी स्वेटर असतांना, हें अगत्याचें. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र कधींहि उघडूं नये. टोपी हलकेंच उचलून पांच-दहा सेकंद, किंवा पुस्तिका सांगेल तितका वेळ, २–३ वर ठेवावी आणि पुन्हां १–२ वर आणावी. हें परत आणणेंच पुष्कळ जण विसरतात, आणि मग नवेंच दुखणें जडल्यासारखें वाटतें.

या उपायानें डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाहीं. तरी बेसावध राहूं नये. डिस्क पूर्वीं रेड पद्धतीनें जोडलेली असली आणि आतां ती पद्धत बदलली, तर विंडोज उठत नाहीं. अशा वेळीं घाबरून डिस्क कोरी करण्याचा अविचार होतो. वास्तविक जुनी पद्धत पुन्हां लावावी, एवढेंच काम असतें. बिटलॉकरचें कुलूप असल्यास तें ४८ आंकडी किल्ली मागण्याचा संभव असतो. ती आधींच कागदावर उतरलेली हवी. त्याच डिस्कवर ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींत टाकून दार ओढून घेणें! बायॉसचा संकेतशब्दहि पुसला जाईल असें गृहीत धरूं नये. कित्येक बोर्डांवर त्यासाठीं निराळा जंपर असतो.

पुन्हां वीज दिल्यावर पडदा उजळण्यास थोडा अधिक वेळ लागतो. डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉसमध्यें शिरावें, मूळ मांडणी पत्करावी, तारीख-वेळ लावावी आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावयाचें तें ठरवावें. पुढें रोज तार काढल्यावर तारीख मागें जाऊं लागली, तर ती नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसवावी.