बायोडाट्यात ‘निरंक’ लिहू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या एका लिपिका ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी त्या जशा बोलल्या तसंच इथे देत आहोत.)



मॅडमनी मला सांगितलं, आज बायोडाट्यावर बोल. मी म्हटलं, मॅडम, मी काय बोलणार, मला काय येतं? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “हे ‘मला काय येतं’ आहे ना, त्याच्यावरच बोल.” म्हणून उभी आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगा. बायोडाटा हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकला? बघा, सगळ्या हसायला लागल्या. लग्नाच्या वेळी! उंची, रंग, शिक्षण, मामेकुळ, अपेक्षा. तो कागद कोणी लिहिला होता? बाबांनी, नाहीतर काकांनी. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आता नोकरीचा बायोडाटा करायची वेळ आली, तर तो कोण लिहितो? झेरॉक्सच्या दुकानातला भाऊ. म्हणजे तेव्हाही आपल्याबद्दल दुसऱ्यानंच लिहिलं आणि आताही दुसराच लिहितो. आपण फक्त खाली सही करतो.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी हिशोब लिहायला बाई पाहिजे होती. बारावी पास एवढीच अट. मी बारावी पास. तालुक्याला गेली, दुकानात ५० रुपये दिले. त्या भावानं आधीच्या कोणाची तरी फाईल उघडली, त्यातलं नाव खोडून माझं टाकलं आणि कागद काढून दिला. मी घाईत होती, गाडी सुटत होती. न वाचताच सही केली.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “टॅलीमध्ये एंट्री कशी करता?” मी गप्प. कागदावर ‘टॅली’ लिहिलेलं होतं, मला त्याचं नावही माहीत नव्हतं. मग म्हणाले, “क्रिकेट खेळता वाटतं?” छंद म्हणून तेही लिहिलेलं होतं. तिथे बसलेले सगळे हसले. शेवटी म्हणाले, “अनुभवापुढे निरंक लिहिलंय. मग हिशोब कसा ठेवाल?”

तायांनो, तेव्हा मी चार वर्षांपासून गटाचा हिशोब लिहीत होती. बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, परतफेड, सगळं माझ्या हातचं. पण तोंडातून शब्द निघाला नाही. जे मला येत नव्हतं ते कागदावर होतं, आणि जे येत होतं तेच कागदावर नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. ती जागा गेली ती गेलीच.

त्यानंतर मी एक ठरवलं. आपला कागद आपण लिहायचा. टाईप कोणीही करू दे, शब्द आपले पाहिजेत. त्यातून जे शिकली तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट. पदाचं नाव लिहून थांबू नका, काम लिहा. ‘बचत गट, अध्यक्ष’ एवढं वाचून समोरच्याला काय कळणार? त्याला वाटतं, हार घालायला असतात अध्यक्ष. तुम्ही केलं काय? बैठका घेतल्या. बँकेत जाऊन खातं उघडलं. कर्जाचा प्रस्ताव तयार केला. ज्या बाईचा हप्ता थकला, तिच्या घरी जाऊन तिला समजावलं. हे लिहा. वाक्याच्या शेवटी घेतल्या, उघडलं, लिहिलं, वसूल केलं, असा कामाचा शब्द आला पाहिजे.

आणि एक शब्द मात्र जपून वापरा. ‘मदत केली.’ आपण सगळ्या ठिकाणी हेच लिहितो. शेतीत मदत केली, दुकानात मदत केली. अगं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत वावरात राबणारी बाई मदत करते की शेती करते? लिहा, ‘घरच्या ४ एकर शेतीत १० वर्षे काम. कपाशी व तुरीची लागवड, निंदण, वेचणी, मजुरांची हजेरी व मजुरीचा हिशोब.’ कृषी सखीच्या निवडीत हे वाक्य कामाला येतं, ‘मदत केली’ येत नाही.

दुसरी गोष्ट, आकडा. आता तुम्ही म्हणाल, आकडे कुठून आणायचे? तायांनो, आकड्यांची आपल्याकडे कमी आहे का? पंचसूत्री कशाला आहे? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. ही पाचही आपल्या रजिस्टरमध्ये लिहिलेली आहेत. फळ्यावर बघा. समजा गटात १२ बाया, आठवड्याला प्रत्येकीची २० रुपये बचत. एका बैठकीचे झाले २४०. वर्षात ५२ आठवडे, पाच वर्षांत २६० बैठका. २४० गुणिले २६०, किती झाले? ६२,४०० रुपये. ही नुसती बचत, व्याज वेगळं, फिरता निधी वेगळा, बँकेचं कर्ज वेगळं.

आता हेच बायोडाट्यात लिहिते. ‘५ वर्षे १२ सदस्यांच्या गटाचे हिशोब लिहिले. २६० साप्ताहिक बैठकांचे इतिवृत्त व ६२,४०० रुपयांच्या बचतीची नोंद ठेवली.’ आणि याच बाईला तुम्ही विचारा, ताई काय करता? ती म्हणते, “मी त घरीच असतो, काईच नाई करत.” हसू नका, मीही हेच म्हणायची.

आकडा मात्र रजिस्टरचाच लिहा, अंदाजानं नको. १२ बाया असतील तर १५ लिहू नका. २६० बैठकांपैकी सोयाबीनच्या हंगामात वीस चुकल्या असतील तर २४० लिहा. २४० काही कमी नाहीत.

तिसरी गोष्ट. ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू.’ हे तीन शब्द सगळ्यांच्या बायोडाट्यात असतात, म्हणून त्यांना किंमत राहिली नाही. प्रामाणिक आहे म्हणणाऱ्याला कोण विचारतं? त्याऐवजी लिहा, ‘३ वर्षे गटाची पेटी माझ्याकडे होती, दरवर्षीच्या तपासणीत हिशोब जुळला.’ वाचणारा आपोआप म्हणेल, बाई प्रामाणिक आहे.

तसेच मोठमोठे शब्दही नकोत. प्रशिक्षणात आपण ‘क्षमता बांधणी’, ‘वित्तीय समावेशन’ ऐकतो आणि तेच उतरवून काढतो. मुलाखतीत विचारलं, म्हणजे काय हो ताई, तर? माझी एक साधी परीक्षा आहे. लिहिलेलं वाक्य घरी सासूबाईंना वाचून दाखवायचं. त्यांना कळलं तर ठेवायचं. आणि प्रत्येक ओळीवर कोणी दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता आलं पाहिजे. नाही देता आलं, तर ती ओळ आपली नाही.

चौथी गोष्ट. जागा बदलली की कागदही बदलायचा. बँक सखीसाठी लिहिताना पैशाची कामं वर, पशु सखीसाठी लिहिताना शेळ्या-कोंबड्या वर, शाळेत स्वयंपाकासाठी अर्ज करताना किती माणसांचा स्वयंपाक किती वेळा केला ते वर. बाई तीच, काम तेच, पण समोरच्याला जे पाहिजे ते आधी दिसलं पाहिजे. एक पान पुरे. दुसऱ्या पानावर कोणी जात नाही.

आता झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या तायांसाठी खास. भाषेच्या ओळीत तुम्ही काय लिहिता? ‘मराठी, हिंदी.’ आणि घरी काय बोलता? कोलामी. गोंडी. तांड्यावरच्या ताया गोरमाटी. सीमेवरच्या ताया तेलुगूही. मग ते का नाही लिहीत? लाज वाटते का? अहो, पोडावरच्या आजीला बीपीची गोळी कधी घ्यायची हे तिच्या बोलीत समजावणारी बाई दवाखान्याला पाहिजे असते. बालवाडीत पहिल्या दिवशी रडणाऱ्या लेकराशी त्याच्या आईच्या भाषेत बोलणारी पाहिजे असते. मोठी डिग्री घेतलेल्यालाही ते जमत नाही. ठळक लिहा, ‘कोलामी बोलते व समजते.’ फक्त बोलता येते की लिहिताही येते, ते खरं सांगा.

पाचवी गोष्ट, जी आपल्याला सगळ्यात जड जाते. शिक्षण. कोणी दहावी नापास, कोणाची नववीत शाळा सुटली. ते लपवू नका. ‘नववीपर्यंत शिक्षण’ असं सरळ लिहा. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार असाल तर तेही लिहा. कागदपत्रं तपासताना खोटं बाहेर येतंच, आणि मग आपलं खरंही कोणी मानत नाही.

उणीव सांगून अर्ज करता येतो का? येतो. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही ऐकलंय. कल्याणला जन्मलेल्या, लहानपणीच लग्न झालेल्या. १८८३ साली त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिलं. वय जेमतेम अठरा. त्या पत्रात त्यांनी हे लपवलं नाही की प्रवेशाच्या सगळ्या अटी कदाचित मी पूर्ण करत नसेन. पण मी कशासाठी आली तेही लिहिलं. आमच्याकडच्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपण काही आनंदीबाई नाही, पण त्यांच्या अर्जाची रीत आपल्याला घेता येते. जे येतं ते स्पष्ट, जे कमी आहे ते खरं, आणि हे काम मलाच का करायचं आहे ते एका वाक्यात.

आता थोडं सावधगिरीचं. बायोडाट्यावर आधार नंबर, बँक खात्याचा नंबर लिहू नका. तो कागद किती हातांतून जातो, आपल्याला कळत नाही. निवड झाल्यावर मागतील तेव्हा द्या. मोबाईल नंबर चालू असलेला द्या, आणि मालकांचा देण्यापेक्षा स्वतःचा द्या. फोन येतो तेव्हा ते वावरात असतात आणि निरोप संध्याकाळी विसरतात. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर दोन्ही लिहा आणि लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाईलमध्ये ठेवा.

एक खरं बोलते. चांगला बायोडाटा म्हणजे नोकरी नव्हे. जागा एक असते आणि अर्ज पन्नास. पण निवड होवो न होवो, समोरच्यानं आपल्याला नाकारलं तर ते आपलं खरं काम वाचून नाकारावं. ‘निरंक’ वाचून नको.

ग्रामसंघाच्या लिपिकेची जागा निघाली, तेव्हा मी वहीच्या पानावर हातानं लिहून अर्ज दिला. किती वर्षं हिशोब लिहिला, किती बैठका, किती कर्ज वाटलं, किती परत आलं. छंद लिहिला नाही. मुलाखतीत ताईंनी गटाचं रजिस्टर मागितलं, मी पिशवीतून काढून समोर ठेवलं. त्या दिवशी माझा आवाज कापला नाही, कारण प्रत्येक ओळीचं उत्तर पिशवीत होतं.

शेवटी सभेपुढे एक विनंती. आपल्याकडे पदाधिकारी बदलतात, ते चांगलंच आहे. पण तीन वर्षं अध्यक्ष राहिलेली, कोषाध्यक्ष राहिलेली बाई पद सोडते तेव्हा तिच्या हातात काय असतं? साडी-चोळी आणि नारळ. त्यासोबत ग्रामसंघाच्या लेटरहेडवर एक अनुभव पत्र द्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम केलं, किती रकमेचा व्यवहार सांभाळला. खाली सही-शिक्का. खर्च काहीच नाही. तसा ठराव आजच घ्यावा, असं मी सुचवते. अनुमोदन कोण देतं?

आणि प्रत्येकीला एक काम. पुढच्या बैठकीला येताना एका कागदावर आपली पाच कामं लिहून आणा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं, पण शब्द तिचेच ठेवावे. मग गटात एकमेकींना वाचून दाखवा. कोणी ‘मी त काईच नाई करत’ म्हटलं, तर बाकीच्यांनी तिला रजिस्टर उघडून दाखवा.



(या भाषणानंतर पद सोडणाऱ्या प्रत्येक पदाधिकारी ताईला अनुभव पत्र देण्याचा ठराव सभेनं एकमतानं मंजूर केला. आपल्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत तो इतिवृत्तात घ्यावा.)