दोन मिनिटं झाली, माणूस बदला

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य कार्यक्रमात संस्थेच्या सभागृहात एका डॉक्टर सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीपीआर म्हणजे काय हे मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे आता बहुतेकांना ठाऊक आहे. माणूस कोसळला, हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसतेच आचके येताहेत, तर १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, पण ६ च्या पुढे नाही. व्हिडिओ मात्र अर्ध्या मिनिटात संपतो, त्यामुळे पुढचं दिसत नाही. दाबणारा दमतो.

तो फार लवकर दमतो आणि त्याला ते कळतही नाही, ही खरी अडचण. पुतळ्यावर घेतलेल्या चाचण्यांत असं दिसलंय की पहिल्या एक-दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतो. प्रशिक्षित माणसांचंसुद्धा हेच होतं. त्या वेळी विचारलं तर उत्तर येतं, "नाही नाही, मी ठीक आहे!" वेग बहुधा तसाच राहतो, म्हणून बघणाऱ्यालाही वाटतं की छान चाललंय. हात हलताहेत, पण मेंदूकडे रक्त कमी जातंय. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलूनही राहतो. मग छाती पूर्ण वर येत नाही, हृदयात रक्त नीट भरत नाही, आणि पुढच्या दाबाला ढकलायला रक्तच कमी.

म्हणून जगभर नियम आहे: दर २ मिनिटांनी माणूस बदला. दमल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे. २ मिनिटांत दोनशेच्या वर दाब होतात, ते पुष्कळ झाले. दुसऱ्याने आधीच समोरच्या बाजूला गुडघे टेकून तयार राहायचं आणि पाचेक सेकंदांत हात बदलायचे. कारण थांबलं की रक्ताचा दाब पटकन उतरतो, आणि पुन्हा चढायला बरेच दाब खर्ची पडतात. गणपतीत ढोल पथकातले वादक कसे ताल न तोडता बदलतात, तसं.

आता आपल्याकडे या. पस्तिशीत इथे राहायला आलेले आज साठीचे आहेत. दुपारी तीन वाजता विंगमध्ये कोण असतं? दोघंच असलेली किती घरं! एकट्या काकूंनी रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहायचं, हे मला व्यवहार्य वाटत नाही. त्यांनी आधी सेफ्टी डोअरची कडी काढावी, शेजाऱ्यांना ओरडून बोलवावं, फोन स्पीकरवर ठेवावा आणि लगेच सुरू करावं. कोणीच आलं नाही, तर दमल्या तरी थांबू नये. उथळ दाब काहीच नसण्यापेक्षा बरा. पण कोणी यावं, हे आपल्या हातात आहे. प्रत्येक विंगमधून दिवसा घरी असणारी चार माणसं हवीत. वॉचमनदादांनाही त्यात धरा.

एक सूचना. कोपरं ताठ ठेवा, खांदे हातांच्या बरोबर वर आणा, वजन कमरेपासून टाका. नुसत्या दंडांनी दाबणारा मिनिटभरात संपतो. आणि माणूस जमिनीवर हवा; गादीवर बराचसा जोर गादीच खाते.

पुतळा मध्ये ठेवलाय. ए विंगपासून सुरू करू, जोडीजोडीने या. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून घड्याळ बघायचं आणि दोन मिनिटं झाली की मोठ्याने ओरडायचं, "बदला!"